अनेक जगांच्या कॅम्पेनमध्ये रक्तजादू आणि बळी कसे मांडावेत

टेबलाभोवती बसून खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कथाखेळातली बहुतेक जुनी जगे एकमेकांना जोडलेली आहेत. १९८९ मध्ये आलेल्या स्पेलजॅमर या विस्तारसंचाने या जगांच्या दरम्यान जहाजे सोडली, १९९४ च्या प्लेनस्केपने सिगिल हे दारांचे शहर उभे केले, आणि त्यामुळे फरगॉटन रेल्म्समध्ये जन्मलेल्या पात्राने ग्रेहॉकच्या जगात उतरणे किंवा धुक्यात वाट चुकून रेवनलॉफ्टमध्ये अडकणे हे नियमांना धरूनच घडू लागले. डन्जन मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला, थोडक्यात डीएमला) ही मोकळीक हवीहवीशी वाटते. रक्तजादूच्या बाबतीत मात्र तीच मोकळीक खेळ बिघडवते, कारण रक्ताचा अर्थ प्रत्येक जगात वेगळा आहे. एका जगात तो राज्यकारभाराचा भाग आहे, दुसऱ्यात शापाचे मूळ आहे, तिसऱ्यात सामुदायिक उपासना आहे. पात्रे दार ओलांडून पलीकडे गेली की आधीच्या जगात केलेल्या बळीचे काय होते, याचे उत्तर डीएमकडे तयार नसेल तर खेळाडू ते स्वतःच ठरवतात, आणि ते उत्तर नेहमी ‘काहीच होत नाही’ असे असते.

अनेक वर्षे डीएम म्हणून बसल्यावर माझे मत पक्के झाले आहे की रक्ताचे देणे जगासोबत मागे राहू नये, ते पात्रासोबत चालत यावे. आपल्याकडे नवस बोलणे आणि नवस फेडणे अशा दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि त्या दोहोंच्या मधला काळ हाच सगळ्यात अवघड असतो, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कॅम्पेनमध्ये रक्तजादू मांडताना हाच मधला काळ लांबवायचा असतो.

हिट पॉइंटमध्ये किंमत लावू नये

हिट पॉइंट म्हणजे पात्राचा जीव मोजणारा आकडा. सर्वसाधारण चूक अशी असते की दिवसाचे स्लॉट, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकण्याचे वाटे, संपलेल्या विझार्डला (जादूगाराला) डीएम सांगतो, ‘दहा हिट पॉइंट दे आणि स्पेल टाक.’ मीही सुरुवातीला हेच केले होते. पहिल्या सेशनला टेबलावर शांतता पसरली, दुसऱ्या सेशनला क्लेरिकने (पुजारी पात्राने) लगेच जखम भरून काढली, आणि तिसऱ्या सेशनपासून रक्त ही केवळ एक जास्तीची बॅटरी झाली. दोष खेळाडूंचा नव्हता, माझ्या नियमाचा होता. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, घेतली की सारे हिट पॉइंट परत येतात, म्हणजे रात्रभर झोपून जे भरून निघते ते मोलाचे आहे असे मी सांगत होतो, आणि ते कोणाला पटण्याचे कारणच नव्हते.

छापील नियमांमध्ये या प्रश्नाची काही चांगली उत्तरे आहेत आणि ती आधी पाहून घ्यावीत. २०१७ मध्ये आलेल्या लाइफ ट्रान्सफरन्स या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलमध्ये टाकणाऱ्याला चार डी-आठ (आठ बाजूंचे चार फासे) इतकी इजा होते, ती कोणत्याही मार्गाने कमी करता येत नाही, आणि ज्याच्यावर स्पेल टाकला त्याला त्या इजेच्या दुप्पट हिट पॉइंट मिळतात. सरासरी धरली तर अठरा गेले आणि छत्तीस आले. स्वतःचे देऊन दुसऱ्याला वाचवणे एवढाच भाव त्या स्पेलमध्ये आहे आणि तो शुद्ध आहे. मॅथ्यू मर्सर यांच्या ब्लड हंटर या क्लासमध्येही (पात्रप्रकारातही) पात्र स्वतःलाच इजा करून शस्त्राला धार आणते. या दोन्हींत मर्यादा तीच राहते, म्हणजे रात्र गेली की जखम गेली, पण निदान रक्त कोणाचे याबद्दल संदिग्धता नाही.

माझ्या टेबलावर आता वेगळा नियम आहे. स्लॉट नसताना स्पेल टाकायचा असेल तर स्पेलच्या लेव्हलइतके हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरण्यासाठी पात्राजवळ असलेले फासे) द्यायचे, ते तिथेच टाकायचे, आणि जितकी बेरीज येईल तितकी पात्राची हिट पॉइंटची कमाल मर्यादाच खाली आणायची. सातव्या लेव्हलचा विझार्ड, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) चौदा, म्हणजे सरासरीने त्याचे चव्वेचाळीस हिट पॉइंट होतात. त्याने तिसऱ्या लेव्हलचा स्पेल रक्तावर टाकला तर तीन डी-सहा जातात, साधारण दहा-अकरा. म्हणजे कमाल मर्यादा तेहेतीस-चौतीसवर येते आणि पात्राचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. तो हिस्सा खेळातल्या दर आठवड्याला एक फासा या गतीने परत येतो, मधल्या काळात कितीही वेळा झोपले तरी फरक पडत नाही. २०१४ च्या नियमांत लाँग रेस्टला निम्मे हिट डाइस परत येतात आणि २०२४ च्या नियमांत सारेच येतात, त्यामुळे ‘रक्तावर दिलेला फासा या नियमाला अपवाद आहे’ हे वाक्य पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे. ग्रेटर रिस्टोरेशनचे काय, हेही तेव्हाच ठरवावे, कारण कमी झालेली कमाल मर्यादा तो स्पेल पूर्ववत करतो आणि त्यासाठी शंभर सुवर्णमुद्रांची हिऱ्याची पूड लागते. मी तो चालू देतो. पैसे मोजून शरीर भरून निघते, देणे मात्र वहीत तसेच राहते.

या नियमाचा खरा प्राण एका साध्या वस्तूत आहे. टेबलाच्या मध्यभागी मी स्टीलची वाटी ठेवतो. रक्तावर दिलेला प्रत्येक फासा खेळाडूने स्वतःच्या ढिगातून उचलून स्वतःच्या हाताने त्या वाटीत टाकायचा. फासा स्टीलवर आपटल्याचा खणकन आवाज होतो आणि बोलणारी माणसे क्षणभर थांबतात. पुढचे तीन-चार तास तो फासा सर्वांना दिसत राहतो. कागदावरचा आकडा खोडून नवा लिहिल्याने हे साधत नाही.

घेणारा कोण, हे जग ठरवते

आता जगांकडे वळू. रक्त देणारा पात्राकडून ठरतो, पण घेणारा जगाकडून ठरतो, आणि इथेच डीएमने अभ्यास करायला हवा.

डार्क सनमधले अथास हे १९९१ सालचे जग माझ्या मते या विषयाचे सर्वांत प्रखर रूप आहे. तिथे देव नाहीत. बळी स्वीकारायला आकाशात कोणी बसलेले नाही, त्यामुळे ती जागा माणसांनी बळकावली आहे. विझार्ड जादूसाठी झाडाझुडपांचे प्राण ओढतो, आणि जो सावधपणा ठेवत नाही त्याच्या भोवती राखेचे वर्तुळ उरते, जिथे पुन्हा काही उगवत नाही. नगरराज्यांचे जादूगार-राजे याच वाटेने पुढे गेले. टायर या नगराचा राजा कलाक याने वर्षानुवर्षे गुलामांकडून झिगुरात (पायऱ्यापायऱ्यांचा उंच मनोरा) बांधून घेतला तो नगराच्या वैभवासाठी नव्हे, तर जमलेल्या प्रजेचे प्राण एकदम ओढून स्वतः ड्रॅगन होण्यासाठी. बोरिस हा ड्रॅगन नगरांकडून दरवर्षी हजार गुलामांचा कर घेतो. बळी हा तिथे कर आहे, त्याची वसुली होते आणि त्याची नोंद ठेवणारे कारकून आहेत. अथासमध्ये सेशन घ्यायचे असेल तर वेदी आणि सुरा विसरावा आणि वसुलीची यादी दाखवावी.

या जगाच्या २०१० च्या चौथ्या आवृत्तीत एक नियम आहे, तो मला अजूनही अतिशय मोलाचा वाटतो. डिफायलिंग, म्हणजे असे बेफिकीरपणे प्राण ओढणे, करणाऱ्याला दिवसातून एकदा वापरायच्या मोठ्या शक्तीसाठी फासा पुन्हा टाकता येतो, पण त्याची इजा त्याला स्वतःला होत नाही, वीस चौकटींच्या आत उभ्या असलेल्या प्रत्येक साथीदाराला होते, प्रत्येकाच्या हीलिंग सर्जच्या (एका खेपेला भरून निघणाऱ्या हिट पॉइंटच्या) निम्म्याइतकी. एक चौकट पाच फुटांची धरली तर शंभर फुटांच्या आतला कोणीच मित्र सुटत नाही. खेळाडूने फासा पुन्हा उचलला की टेबलावरचे इतर चार जण त्याच्याकडे पाहतात, आणि त्यानंतर जे संभाषण होते ते डीएमला लिहून आणता येणार नाही इतके खरे असते. पाचव्या आवृत्तीत हा नियम आणायचा असेल तर प्रत्येक साथीदाराचा एक हिट डाय वाटीत टाकावा.

रेवनलॉफ्टबद्दल थोडक्यातच सांगतो. १९८३ च्या मूळ मॉड्यूलमध्ये (छापील साहसकथेत) व्हॅम्पायर काउंट स्ट्राड याने मृत्यूशी करार केला आणि धाकटा भाऊ सर्गेई याच्या लग्नाच्या दिवशी त्याला मारून त्या रक्ताने करारावर शिक्कामोर्तब केले. त्याला जी हवी होती, म्हणजे सर्गेईची वधू तात्याना, ती मात्र त्याच्या हाती लागली नाही. इथे घेणारे डार्क पॉवर्स अदृश्य आहेत आणि ते नेहमी मागितल्यापेक्षा जास्त देतात. जुन्या नियमांत दुष्कृत्यानंतर डीएम टक्केवारीचा फासा टाकत असे, आणि तो फसला की पात्राला एखादी शक्ती आणि तिच्याबरोबर एखादी विकृती मिळत असे. हा फासा खेळाडूंना दिसेल असा टाकावा, पण निकाल सांगू नये.

फरगॉटन रेल्म्समध्ये उलट घेणाऱ्यांची गर्दी आहे. भाल हा खुनाचा देव, त्यामुळे त्याच्या नावाने केलेला प्रत्येक खून हा नैवेद्य. त्या जगाच्या कालगणनेतल्या १३५८ सालच्या टाइम ऑफ ट्रबल्समध्ये (देवांना भूतलावर उतरावे लागले त्या काळात) बेन या जुलमाच्या देवाने भालच्या मारेकऱ्यांचे प्राण एकदम ओढून आपल्या अवताराला बळ दिले, आणि त्यामागचे छापखान्यातले कारणही नमूद करण्यासारखे आहे, कारण १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून असॅसिन हा क्लासच काढून टाकलेला होता. ज्या जगात एक देव गरज पडल्यास दुसऱ्या देवाचे लोकही गिळतो, तिथे भक्ताने दिलेला बळी त्याला अभय मिळवून देत नाही, ही गोष्ट क्लेरिकच्या खेळाडूला आधीच कळली पाहिजे.

फरगॉटन रेल्म्सच्याच टोरिल ग्रहावर समुद्रापलीकडे माझ्टिका आहे. १९९१ सालचा हा भाग मेसोअमेरिकेवरून बेतलेला असून त्यात झाल्टेक या युद्धदेवाला काळीज वाहिले जाते. मी इथे डीएमला आग्रहाने सांगेन की खऱ्या संस्कृतीकडे एकदा नीट पाहावे. मेक्सिकोतल्या याश्चिलान या प्राचीन माया नगरातली एक कोरीव शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यात शोक (Xoc) नावाची राणी गुडघे टेकून बसली आहे, स्वतःच्या जिभेतून काटे लावलेली दोरी ओढते आहे, समोर टोपलीत रक्ताचे डाग पडलेला कागद आहे आणि राजा पेटती मशाल धरून उभा आहे. हा प्रसंग इसवी सन ७०९ मधला आहे. राज्य टिकावे म्हणून राणी स्वतःचे रक्त देते. माया राजघराण्यांमध्ये कैद्यांचेही बळी जात, ते लपवायचे कारण नाही. परंतु माझ्टिकातल्या प्रत्येक पुजाऱ्याला काळजे उपटणारा राक्षस करून टाकले तर एका मोठ्या लोकसमूहावर अन्याय होतो आणि खेळही उथळ होतो. त्या राणीसारखे एक पात्र आणावे, ते पुरेसे असते.

एबेरॉन हे २००४ चे कीथ बेकर यांचे जग, आणि त्यातला ब्लड ऑफ व्होल हा पंथ मला या साऱ्यांत सर्वांत जवळचा वाटतो. देव असलेच तर ते क्रूर आहेत, मृत्यूनंतर काही उरत नाही, तेव्हा जे दैवी आहे ते आपल्या रक्तातच आहे, असे त्या लोकांचे मानणे आहे. गावातले लोक एकत्र जमतात, प्रत्येक जण थोडे रक्त एका भांड्यात देतो, आणि ते देणे म्हणजे एकमेकांशी असलेली बांधिलकी असते. पंथाच्या वरच्या पायऱ्यांवर या श्रद्धेचा गैरफायदा घेणारे बसलेले आहेत हे खरे, पण कार्नाथमधला शेतकरी खोटा नाही. खेळाडूंनी या पंथाला सरसकट खलनायक समजावे आणि मग एखाद्या साध्या घरात त्यांना आसरा मिळावा, असे सेशन मी दोनदा घेतले आहे आणि दोन्ही वेळा टेबलावर सूर बदलला.

दार ओलांडताना

आता मूळ प्रश्न. अथासमध्ये डिफायलिंग करणारी विझार्ड सिगिलमध्ये आली. मुळात अथासमधून बाहेर पडणे फार कठीण आहे, त्यामुळे ती आली हीच कॅम्पेनमधली मोठी घटना धरावी. सिगिलच्या दारांना किल्ली लागते आणि ती किल्ली काहीही असू शकते, वस्तू, हावभाव, शब्द किंवा मनातला विचार. मी एका दाराची किल्ली ठरवली होती ती ‘स्वेच्छेने दिलेला रक्ताचा थेंब’. पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाने) आधी बांधून आणलेल्या गॉब्लिनचे बोट टोचले. दगडी कमानीखाली भिंत तशीच राहिली. मग त्यांनी गॉब्लिनला सोडून देण्याचे वचन देऊन पुन्हा विचारले, तो भीतीने हो म्हणाला, आणि भिंत तरीही तशीच राहिली. शेवटी विझार्ड पुढे झाली. आजवर तिने मातीतून घेतले होते, साथीदारांकडून घेतले होते, स्वतःचा थेंब कधी दिला नव्हता. तिने सुईने अनामिका टोचली, नखाच्या कडेला लाल मणी उभा राहिला, आणि खेळाडूने मी न सांगताच एक डी-सहा वाटीत टाकला. दार उघडले.

असे दार प्रत्येक कॅम्पेनमध्ये एक तरी असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पात्रासाठी वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळींची नोंद ठेवावी, कोणाचे रक्त दिले आणि कोणाला दिले. पात्र नव्या जगात पोचले की ती नोंद तिथल्या भाषेत वाचावी. ज्याने टोरिलवर भालच्या नावाने खून केला तो बारोव्हियात, म्हणजे रेवनलॉफ्टमधल्या स्ट्राडच्या प्रदेशात आला, तर भालचा आवाज तिथे पोचत नाही, पण डार्क पॉवर्सना वास लागतो आणि पहिला टक्केवारीचा फासा तो धुक्यातून बाहेर पडताच टाकला जातो. ज्याने एबेरॉनमध्ये भांड्यात स्वेच्छेने रक्त दिले होते, त्याला सिगिलच्या त्या दारापाशी पुन्हा बोट टोचावे लागत नाही. दंड आणि सवलत दोन्ही असल्या म्हणजे नोंदीवर खेळाडूंचा विश्वास बसतो.

शेळ्यांचा कळप आणि संमती

बळीचे नियम लिहिले की चलाख खेळाडू बाजारातून वीस शेळ्या विकत आणतो. त्याला दोष देऊ नये, नियमात भोक राहिले होते. २००२ च्या बुक ऑफ व्हाइल डार्कनेसमध्ये बळीसाठी तपासणीचा फासा आणि यशाच्या पायऱ्यांप्रमाणे मिळणारी फळे यांची कोष्टके आहेत, आणि ती कोष्टके खेळाडूंच्या हाती दिली की खेळ खाटीकखाना होतो, असा माझा स्पष्ट अनुभव आहे. ती खलनायकासाठी डीएमजवळच राहावीत. खेळाडूंसाठी एकच निकष ठेवावा, की ज्याच्या जाण्याने देणाऱ्याचे काही जात नाही तो बळी नव्हे. धनगराने स्वतः वाढवलेली, नाव ठेवलेली एकुलती शेळी स्वीकारली जाईल, विकत आणलेला कळप स्वीकारला जाणार नाही. शिबी राजाच्या गोष्टीत कबुतराइतके मांस तराजूत घालताना पारडे खाली येत नाही, आणि राजा स्वतः चढतो तेव्हाच ते येते. हा तराजू डीएमने मनात ठेवावा.

दुसरे पात्र बळी जायला तयार झाले तर? अशा वेळी खेळ थांबवून त्या खेळाडूला टेबलापासून बाजूला नेऊन विचारावे. पात्राची संमती आणि खेळाडूची संमती या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच ओघात सेशन झीरोबद्दल, म्हणजे कॅम्पेन सुरू होण्याआधीच्या बैठकीबद्दल. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली ‘लाइन्स अँड व्हेल्स’ ही पद्धत आणि जॉन स्टावरोपोलोस यांचे एक्स-कार्ड (नको असलेला प्रसंग थांबवण्यासाठी दाखवायचे कार्ड) या दोन्ही गोष्टी रक्तजादूच्या कॅम्पेनमध्ये ऐच्छिक नाहीत असे मी धरतो. काय अजिबात येणार नाही आणि काय पडद्याआड घडेल, हे प्रत्येकाला आधी विचारावे. आपल्या टेबलांवर याला आणखी एक कारण आहे. नरबळीविरोधी कायदा महाराष्ट्राला २०१३ मध्ये करावा लागला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी. गुप्तधनासाठी मुलाचा बळी ही आपल्याकडे वर्तमानपत्रातली बातमी आहे, आणि समोर बसलेल्या एखाद्याच्या गावात ती घडलेली असू शकते. म्हणून माझ्या टेबलावर मुलांचा बळी आणि गुप्तधन ही दोन्ही पूर्ण बंद आहेत, आणि खऱ्या देवदैवतांची, जत्रांची किंवा मंत्रांची नावे खेळात येत नाहीत. अथास आणि बारोव्हिया एवढी परकी जगे हाताशी असताना त्यांची गरजही पडत नाही.

वर्णन करताना रक्ताचे पाट वाहवू नयेत. पहिल्या वाक्यात एक बारीक गोष्ट सांगावी, जसे सुरीची मूठ हाताला गार लागली किंवा दिव्याची वात त्या क्षणी वाकली, आणि मग थेट परिणामावर यावे. मधले सारे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप भरते. खलनायकाने केलेल्या बळीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कधीही गाळू नये, आणि ती म्हणजे बळी गेलेल्याचे नाव. ‘टायरचे तीनशे गुलाम’ असे म्हटले की ती संख्या होते. त्यांच्यातल्या एकीचे नाव, ती काय काम करत होती आणि तिची वाट कोण पाहत होते, एवढे तीन वाक्यांत सांगावे. पात्रांनी स्वतः कोणाचा प्राण घेतला असेल तर ते नाव छोट्या चिठ्ठीवर त्या खेळाडूकडूनच लिहून घ्यावे आणि फाशांसोबत वाटीत ठेवावे. आठवडे उलटतील तसे फासे एकेक करून परत द्यायचे आहेत. चिठ्ठ्या वाटीतच राहतात.